गोल घुमट कागदावर उतरवताना: सुरुवात घुमटापासून नव्हे, आठ कमानींपासून

विजापूरचा गोल घुमट म्हटला की दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक त्याचा आकार आणि दुसरी सज्ज्यात उमटणारी कुजबुज. दोन्ही खऱ्या आहेत. पण आदिलशाही स्थपतींनी इथे जे सर्वांत अवघड काम केलं, ते या दोन्हींच्या खाली, माणसाची नजर सहसा थांबत नाही अशा उंचीवर आहे. खाली दालन चौकोनी, वर घुमट गोल, आणि मध्ये एकही खांब नाही. चौकोनाचं वर्तुळ करण्याची ही युक्ती एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानींची आहे. ती शब्दांत सांगून पुरती कळत नाही, कंपास हातात घेऊन काढली की एका बैठकीत कळते. म्हणून हे मार्गदर्शन: आधी कागदावर आराखडा, मग एक कमान, मग पुठ्ठ्याचं प्रतिरूप, आणि शेवटी प्रत्यक्ष विजापुरात काय तपासायचं ते.

थोडा संदर्भ हवा. विजापूरची आदिलशाही १४९० ते १६८६ अशी जवळपास दोनशे वर्षं टिकली. गोल घुमट ही मुहम्मद आदिलशाहची कबर. त्याची कारकीर्द १६२७ ते १६५६, आणि दक्षिण दरवाजावरच्या फारसी लेखात त्याच्या मृत्यूचं हिजरी १०६७ हे वर्ष आहे. ही वास्तू दाभोळच्या याकूतने रचली असं सांगितलं जातं. छेदत्या कमानींची कल्पना विजापुरात प्रथम जन्मली असं मात्र नाही. स्पेनमध्ये कोर्दोव्याच्या मशिदीत दुसऱ्या अल्-हकमच्या काळात (९६१–९७६) मिहराबपुढच्या (मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यापुढच्या) छोट्या घुमटांखाली छेदणाऱ्या कमानी घातल्या गेल्या. इराणच्या खुरासानात खर्गिर्दच्या मदरशात, १४४४ च्या सुमारास, तैमूरी स्थपतींनी अशाच कमानींनी चौकोनी दालनं झाकली. दख्खनच्या दरबारांत इराणी माणसांची ये-जा सतत होती. विजापुरात गोल घुमटाच्या आधी जामा मशिदीच्या मधल्या घुमटाखाली हीच रीत वापरलेली दिसते. मुहम्मदशाहच्या कबरीत ती इतक्या मोठ्या मापावर नेली की तशी दुसरीकडे कुठे आढळत नाही.

मापं आणि सामान

दालनाची आतली बाजू १३५ फूट ५ इंच, म्हणजे ४१.२८ मीटर. भिंती सुमारे १० फूट जाड, त्यामुळे कोपऱ्यांचे मनोरे सोडून बाहेरून एक बाजू ४७.५ मीटर भरते. घुमटाचा आतला व्यास १२४ फूट ५ इंच, बाहेरचा १४४ फूट. सज्ज्याच्या आतल्या कडेचं वर्तुळ, म्हणजे खाली उभं राहून वर पाहिल्यावर दिसणारं मोकळं तोंड, ९७ फूट व्यासाचं. ही तीन वर्तुळं वेगवेगळी आहेत, आणि पुढचा सगळा उलगडा त्यांच्यातल्या फरकातच आहे. पुष्कळ लिखाणात यांची सरमिसळ होते. घुमट जगातल्या अमुक क्रमांकाचा असं सांगताना बाहेरचा १४४ फूट व्यास घेतात आणि दुसऱ्या इमारतीचा आतला. तुलना करायचीच तर आतल्याची आतल्याशी करावी: गोल घुमट सुमारे ३७.९ मीटर, रोमचं पँथिऑन ४३ मीटरहून थोडं जास्त. विजापूरच्या बांधकामाचं मोठेपण क्रमांकावर अवलंबून नाही, त्यामुळे आकडा ओढूनताणून वाढवण्याची गरजच नाही.

आराखड्यासाठी १:२०० हे प्रमाण सोयीचं. प्रत्यक्षातला एक मीटर कागदावर ५ मिलिमीटर होतो आणि सगळं चित्र ए-३ कागदावर मावतं. ए-४ वर आतला चौरस कसाबसा बसेल, पण भिंती आणि घुमटाची बाहेरची कड कागदाबाहेर जाईल.

लागणारं सामान: ए-३ जाड कागद, २एच पेन्सिल, ३०० मिलिमीटरची पट्टी, ३०-६० आणि ४५ अंशांचे गुण्ये, चांगला कंपास. शाळेच्या कंपासपेटीतला कंपास १४६ मिलिमीटरपर्यंत उघडला तरी पाय फाकून टोक घसरतं. त्याऐवजी जाड पुठ्ठ्याची २० मिलिमीटर रुंद पट्टी घ्या, एका टोकाला टाचणी आणि हव्या त्या अंतरावर पेन्सिलीसाठी भोक पाडा. मोठ्या त्रिज्येसाठी हा पट्टीचा कंपास जास्त भरवशाचा ठरतो.

१:२०० प्रमाणात उतरवायची मापं अशी:

- आतला चौरस: बाजू २०६.४ मि.मी.
- भिंतींचा बाहेरचा चौरस: बाजू २३७.५ मि.मी.
- सज्ज्याची आतली कड: त्रिज्या ७३.९ मि.मी.
- घुमटाची आतली कड: त्रिज्या ९४.८ मि.मी.
- घुमटाची बाहेरची कड: त्रिज्या १०९.७ मि.मी.

चौरसातून अष्टकोन, अष्टकोनातून तारा

२०६.४ मि.मी.चा चौरस काढा आणि दोन्ही कर्ण फिकट रेघेने जोडा. कर्ण छेदतात तो केंद्रबिंदू. चारही कोपऱ्यांपासून केंद्रापर्यंतचं अंतर १४६ मि.मी. भरलं पाहिजे. एक जरी वेगळं आलं तर चौरस तिरका झाला आहे, तो पुन्हा काढा. इथे अर्धा मिलिमीटर सोडून दिला तर पुढे ताऱ्याच्या रेघा एका बिंदूत मिळत नाहीत आणि दोष नेमका कुठे शिरला ते शोधता येत नाही.

आता कंपासचं टोक चौरसाच्या कोपऱ्यावर ठेवा, पेन्सिल केंद्रापर्यंत उघडा आणि त्या कोपऱ्याला लागून असलेल्या दोन्ही बाजूंवर खुणा करा. चारही कोपऱ्यांवरून हेच करा. प्रत्येक बाजूवर दोन खुणा येतील, जवळच्या कोपऱ्यापासून ६०.५ मि.मी. अंतरावर. आठही खुणा क्रमाने जोडल्या की नियमित अष्टकोन तयार होतो. त्याची प्रत्येक बाजू ८५.५ मि.मी. असायला हवी: चार बाजू भिंतींवर, चार कोपरे कापणाऱ्या.

हे आठ बिंदू म्हणजे कमानींचे पाय. प्रत्यक्षात प्रत्येक भिंतीतून दोन जोडखांब थोडे पुढे आलेले दिसतात, ते हेच.

बिंदूंना क्रमांक द्या: वरच्या बाजूवर डावीकडून १ आणि २, उजव्या बाजूवर वरून ३ आणि ४, खालच्या बाजूवर उजवीकडून ५ आणि ६, डाव्या बाजूवर खालून ७ आणि ८. मग १-३-५-७ जोडून एक चौरस काढा आणि २-४-६-८ जोडून दुसरा. दोन्हींची बाजू १५८ मि.मी. येते, म्हणजे प्रत्यक्षात ३१.६ मीटर. या आठ रेघा म्हणजेच आठ कमानी, वरून पाहिलेल्या.

इथे होणाऱ्या दोन चुका सांगायलाच हव्यात.

पहिली, आणि फार सर्रास होणारी: आठ टोकांचा तारा म्हटला की हात आपोआप एक चौरस भिंतींना समांतर आणि दुसरा ४५ अंशांत तिरका काढतो. विजापुरातला तारा तसा नाही. त्याचे दोन्ही चौरस भिंतींशी साडेबावीस अंशांनी कललेले आहेत, एक या बाजूला, दुसरा त्या बाजूला. एकही कमान भिंतीला समांतर जात नाही. कारण उघड आहे. समांतर चौरस घेतला तर त्याचे चारही कोपरे दालनाच्या आत अधांतरी येतात आणि प्रत्येकाखाली मोकळा खांब उभारावा लागतो. साडेबावीस अंशांचा कल दिला की आठही टोकं भिंतीला टेकतात. दालन खांबांविना मोकळं राहिलं ते या कलामुळे.

दुसरी चूक म्हणजे एक सोडून एक बिंदू जोडण्याऐवजी दोन सोडून तिसरा जोडणं, म्हणजे १ वरून ३ ऐवजी ४ वर जाणं. ताऱ्याची टोकं अणकुचीदार होतात आणि चित्र दिसायला देखणं होतं, पण मधला अष्टकोन आकसतो. त्यातलं वर्तुळ ४२.७ मि.मी. त्रिज्येचं उरतं, म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम ५६ फूट व्यासाचं. ९७ फुटांचं तोंड त्यातून निघणारच नाही.

तारा बरोबर आला का हे पाहण्याची एक सोपी खूण आहे. अष्टकोनाच्या एका बाजूइतका, म्हणजे ८५.५ मि.मी., कंपास उघडा, टोक केंद्रावर ठेवा आणि वर्तुळ फिरवा. ते कमानी एकमेकींना जिथे छेदतात त्या आठही बिंदूंतून गेलं पाहिजे. भूमितीने हे अंतर आणि अष्टकोनाची बाजू तंतोतंत सारखीच येतात. एखादा छेदबिंदू वर्तुळाबाहेर राहिला तर त्याला लागून असलेल्या दोन रेघांची टोकं पुन्हा तपासा.

तीन वर्तुळं काय सांगतात

केंद्रावरून आता ७३.९, ९४.८ आणि १०९.७ मि.मी. त्रिज्येची वर्तुळं काढा, शक्य तर वेगवेगळ्या रंगांत. घाई न करता ती ताऱ्याशी ताडून पाहा.

सर्वांत आतलं, सज्ज्याच्या कडेचं वर्तुळ कमानींच्या रेघांच्याही आत येतं. रेघा केंद्रापासून ७९ मि.मी.वर आहेत, वर्तुळ ७३.९ वर. हा पाच मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्यक्षातल्या एका मीटरचा फरक चुकीमुळे आलेला नाही. आपण कमान रेघेने दाखवतो, पण तिला जाडी असते, आणि कमानींच्या मधल्या जागा भरणारी वक्र पृष्ठं, म्हणजे पेंडेंटिव्ह, वर जाताना आत झुकत येतात. कमानींवर आणि या झुकलेल्या पृष्ठांवर सज्जा उभा आहे.

घुमटाच्या भिंतीचं वर्तुळ मात्र कमानींच्या छेदबिंदूंवर येत नाही. छेदबिंदू ८५.५ वर, घुमटाची भिंत ९४.८ पासून पुढे. आणि सर्वांत बाहेरचं वर्तुळ, १०९.७ चं, ताऱ्याच्या टोकांच्या अगदी जवळून जातं, कारण ती टोकं केंद्रापासून १११.७ वर आहेत. म्हणजे घुमटाच्या भिंतीचा सारा भार ताऱ्याच्या बाहेरच्या आठ त्रिकोणांवर, जोडखांबांच्या जवळ पडतो. त्रिकोणांच्या आतला सगळा भाग, सज्जा आणि त्याखालचं झुकलेलं बांधकाम, घुमटाला उचलून धरत नाही. तो आत लोंबतो.

हे लोंबणं म्हणजे वाया गेलेला दगड नव्हे. घुमट नेहमी आपल्या पायथ्याला बाहेर ढकलतो, आणि जितका मोठा तितका जास्त. युरोपातल्या मोठ्या घुमटांभोवती हा रेटा आवळून धरायला पुढे लोखंडी साखळ्या घालाव्या लागल्या. विजापुरात आत झुकलेल्या या प्रचंड वजनाचा ओढा केंद्राकडे आहे आणि तो घुमटाच्या बाहेरच्या रेट्याला उलट दिशेने तोलतो. उरलेलं काम दहा फूट जाडीच्या भिंती करतात. वीटकामाच्या घुमटात चुन्याचे थरही जाड आहेत, त्यामुळे सगळं कवच एकसंध होऊन काम करतं.

भिंतींचा बाहेरचा चौरस, २३७.५ मि.मी.चा, शेवटी काढा. मग दिसेल की भिंतीच्या मध्यावर घुमटाची जाडी थोडी भिंतीवर आणि थोडी आत अशी बसते. कोपऱ्यांकडे मात्र भिंत ११८ मि.मी.हून दूर पळत जाते आणि तिथे घुमटाखाली कमानींशिवाय काहीच नसतं. कोपऱ्यांचे सात मजली अष्टकोनी मनोरे आराखड्यात दाखवायचे असतील तर फिकट रेघेने दाखवा. घुमटाचा भार पेलण्यात त्यांचा वाटा नाही, आणि ठळक काढले की नजर तिकडे जाते.

विजापुरी कमान

आराखड्यात कमान ही सरळ रेघ असते, समोरून ती टोकदार दिसते. विजापुरी कमानीची ओळख अशी: वक्र भाग दोन केंद्रांवरून काढलेला असतो, पण वर्तुळखंड माथ्यापर्यंत जात नाही. काही उंचीवर तो थांबतो आणि तिथून माथ्यापर्यंत सरळ स्पर्शरेषा जाते. म्हणून ही कमान खाली भरदार आणि वर ताठ दिसते. फुगीर चार केंद्रांच्या मुघल कमानीशी तिची गल्लत करू नये.

सरावासाठी १२० मि.मी. रुंदीची कमान काढा. आडवी रेघ काढून डाव्या टोकाला अ आणि उजव्या टोकाला ब म्हणा. मध्यावर उभी रेघ. अ पासून ४० मि.मी.वर एक बिंदू आणि ब पासून ४० मि.मी.वर दुसरा. ही दोन केंद्रं, आणि त्रिज्याही ४०, म्हणजे रुंदीचा तिसरा हिस्सा. डाव्या केंद्रावरून अ पासून वर वर्तुळखंड ओढा. कंपास तितकाच उघडा ठेवून टोक अ वर ठेवा आणि वर्तुळखंडावर खूण करा. ही खूण केंद्रापाशी बरोबर ६० अंशांचा कोन करते. वर्तुळखंड इथेच थांबवायचा. खुणेपासून केंद्राकडे जाणाऱ्या रेघेला काटकोनात, गुण्या सरकवून, सरळ रेघ मधल्या उभ्या रेघेपर्यंत न्या. उजवीकडे हेच करा. दोन्ही सरळ रेघा मध्यावर ५७.७ मि.मी. उंचीला भेटल्या पाहिजेत आणि माथ्याचा कोन १२० अंशांचा झाला पाहिजे.

वर्तुळखंड आणि सरळ रेघ मिळतात तिथे कोपरा जाणवला तर काटकोन चुकला आहे. हा सांधा दिसता कामा नये. ६० अंशांचं हे प्रमाण सरावाचं आहे. विजापुरात वेगवेगळ्या वास्तूंत वर्तुळखंड वेगवेगळ्या उंचीवर सुटतो, काही ठिकाणी फारच वर. रीत तीच.

पुठ्ठ्याचं प्रतिरूप

कागदावरचा तारा समजला तरी कमानी एकमेकींच्या आरपार कशा जातात हे हातांनीच कळतं. यासाठी एक मिलिमीटर जाडीचा ताठ पुठ्ठा, धारदार कटर, लोखंडी पट्टी, फेव्हिकॉल आणि कागदी चिकटपट्टी पुरते. नालीदार खोक्याचा पुठ्ठा घेऊ नका, खाचांपाशी तो चेपतो.

आठ फळ्या कापा, प्रत्येकीची बाहेरची लांबी १५९ मि.मी. आणि उंची १०० मि.मी. दोन्ही टोकं आतून ४५ अंशांत तासा, म्हणजे फळीच्या मध्यरेषेवर लांबी १५८ राहते आणि चार फळ्या काटकोनात नीट जुळतात. प्रत्येक फळीत खालच्या कडेवर मधोमध १४१ मि.मी. रुंदीची कमान वरच्या रीतीने आखा. इथे त्रिज्या ४७ आणि माथा ६७.८ मि.मी.वर येईल. दोन्ही टोकांना सुमारे साडेआठ मिलिमीटरचा पाय उरतो. कमान कापून आतला भाग काढून टाका. वळणावर कटर एका दमात ओढू नका, तीनचार हलक्या घावांत कापा.

आता खाचा. फळीच्या मध्यरेषेपासून दोन्हीकडे ३२.७ मि.मी.वर उभ्या खुणा करा. या जागी दुसरी कमान छेदून जाणार आहे. माप टोकांपासून घेऊ नका. टोकं तासताना थोडी कमीजास्त होतात आणि सगळ्या खाचा सरकतात. छेदाच्या जागी कमानीची खालची कड तळापासून ४९ मि.मी.वर आहे, वरची कड १०० वर, म्हणजे मध्य ७४.५ वर. चार फळ्यांत वरच्या कडेपासून खाली ७४.५ पर्यंत खाच पाडा. उरलेल्या चारांत कमानीच्या कडेपासून वर ७४.५ पर्यंत.

बहुतेक प्रतिरूपं इथेच बिघडतात, कारण खाच पुठ्ठ्याच्या जाडीइतकीच पाडली जाते. दोन फळ्या काटकोनात छेदत असत्या तर ते चाललं असतं. ताऱ्यात त्या ४५ अंशांत छेदतात, त्यामुळे सरळ पाडलेल्या खाचेची रुंदी जाडीच्या सुमारे २.४ पट लागते. एक मिलिमीटरच्या पुठ्ठ्याला अडीच मिलिमीटर. अरुंद खाच ठेवून दाबून बसवायला गेलात तर कमानीचा माथाच तडकतो, कारण तिथे पुठ्ठ्याची उंची जेमतेम ३२ मि.मी. उरलेली असते.

वरून खाचा असलेल्या चार फळ्या चिकटपट्टीने जोडून एक चौकट करा, खालून खाचा असलेल्यांची दुसरी. पहिली चौकट आराखड्यावर १-३-५-७ बिंदूंवर ठेवा आणि दुसरी तिच्यावरून २-४-६-८ वर सरळ खाली उतरवा. आठही खाचा एकाच वेळी बसायला हव्यात. एक बाजू आधी आणि दुसरी नंतर असं केलं तर चौकट मुरडते. बसल्यावर वरच्या सगळ्या कडा एका पातळीत येतात. वरून पाहिलं की मधला अष्टकोन मोकळा दिसतो.

आता पाय न चिकटवता वरून तळहाताने दाबा. आठही पाय बाहेर सरकतात. मग भिंती म्हणून २०६.४ मि.मी. आतल्या मापाची पुठ्ठ्याची चौकट भोवती बसवा आणि पुन्हा दाबा. भिंतीचं काम नेमकं काय ते बोटांना कळेल. पुठ्ठा हलका असल्यामुळे लोंबत्या वजनाचा तोल या प्रतिरूपात पुरता दाखवता येत नाही. त्यावरून आकडेमोड करायला जाऊ नये, दिशा तेवढी समजून घ्यावी.

सज्ज्यासाठी २०६ मि.मी.चा चौरस पुठ्ठा घ्या, त्यात ७३.९ त्रिज्येचं गोल भोक पाडा आणि तो कमानींवर ठेवा. भोकाची कड कमानींच्या आत पाच मिलिमीटर डोकावेल. घुमटासाठी साधारण १९० मि.मी. तोंडाचा वाडगा पालथा ठेवला तरी चालतं. कागदाचा हवा असेल तर बारा पाकळ्या कापा, प्रत्येकीची उंची १४९ मि.मी. पाकळीची रुंदी तळाशी ४९.६, तळापासून ४९.६ उंचीवर ४३, ७४.५ उंचीवर ३५ आणि ९९.३ उंचीवर २४.८ मि.मी., वर टोक. या बिंदूंतून हलक्या हाताने वक्ररेषा जोडा. सरळ रेघांनी जोडल्या तर घुमट शंकूसारखा निघतो. चिकटवण्यासाठी एका कडेला पाच मिलिमीटर जादा ठेवा.

विजापुरात गेल्यावर

सोलापूरहून विजापूर शंभरेक किलोमीटर. रेल्वेने आणि रस्त्याने दोन्हीकडून जाता येतं. घुमटाच्या आत शिरल्यावर लगेच वर चढू नका. भिंतीच्या मध्यावर पाठ टेकवून उभं राहा आणि समोरच्या भिंतीतले दोन जोडखांब शोधा. एका खांबावरून नजर वर न्या: तिथून दोन कमानी निघतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. त्यातली एक धरून ती कुठल्या भिंतीवर उतरते ते पाहा. ती शेजारच्या भिंतीवरच्या खांबावर उतरेल आणि वाटेत दोन कमानी तिला छेदतील. तुमचा आराखडा हातात असेल तर क्रमांक ताडून पाहता येतील. पांढऱ्या गिलाव्यामुळे सकाळच्या तिरप्या उजेडात कडा स्पष्ट दिसतात, दुपारी त्या एकमेकींत मिसळून जातात. छोटी दुर्बीण असेल तर फारच उत्तम.

छायाचित्र घ्यायचं तर मधल्या चौथऱ्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन, फोन आडवा धरून थेट वर रोखा. रुंद कोनाच्या लेन्सने कडेच्या कमानी ताणल्या जातात आणि छायाचित्रावरून मोजलेले कोन चुकतात, त्यामुळे मोजमापासाठी साधी लेन्सच वापरा. चौथऱ्यावर दिसणाऱ्या कबरी वरच्या आहेत, खऱ्या कबरी खालच्या तळघरात.

मग मनोऱ्यातल्या जिन्याने वर जा. सज्जा जमिनीपासून सुमारे ३३ मीटर उंचावर आहे. तिथे बहुतेक लोक कुजबुज ऐकायला भिंतीला कान लावून बसतात, तेही जरूर करावं. पण एकदा कठड्यापाशी उभं राहून स्वतःच्या पायांखाली काय आहे याचा विचार करा: तुम्ही घुमटाच्या भिंतीच्या आत, कमानींच्या पुढे, लोंबत्या भागावर उभे आहात. आराखड्यातल्या ७३.९ आणि ९४.८ मधली पट्टी म्हणजे ही जागा.

कमानीचा वक्र आणि सरळ भाग वेगळा ओळखण्यासाठी गोल घुमटापेक्षा बाराकमान बरी. दुसऱ्या अली आदिलशाहची ही अपुरी राहिलेली कबर, कारकीर्द १६५६ ते १६७२. छप्पर नाही, काळ्या दगडाच्या कमानी मोकळ्या आभाळासमोर उभ्या आहेत. छायाचित्र घेऊन त्यावर पट्टी ठेवली की वर्तुळखंड कुठे सुटतो आणि सरळ रेघ कुठे सुरू होते ते बिनचूक दाखवता येतं. छायाचित्र कमानीच्या अगदी समोरून, फोन कमानीच्या निम्म्या उंचीच्या जितका जवळ नेता येईल तितका नेऊन घ्या. खालून वर रोखला की माथा आक्रसतो आणि त्याचा कोन आहे त्याहून मोठा भासतो.

वेळ असेल तर इब्राहिम रोजाही पाहा. मुहम्मदशाहच्या वडिलांची, दुसऱ्या इब्राहिमची ही कबर. तिच्या आतल्या दालनावर २४ फूट चौरसाचं सपाट दगडी छत आहे आणि त्याला मधे कसलाच आधार दिसत नाही. कडेने आत झुकत येणारं बांधकाम आणि कसदार चुना यांवर ते तरलेलं आहे. त्या झुकलेल्या कडेपाशी नीट पाहा. पुढच्या पिढीने गोल घुमटात दगड केंद्राकडे लोंबवला, त्याच धाडसाचं लहान माप इथे आहे. याचाही आराखडा १:५० प्रमाणात काढता येतो: छताची बाजू १४६.३ मि.मी., ए-४ कागद पुरतो.